मिसेस लीथची खिडकी

बिस्किटांचा पत्र्याचा एक डबा. त्यात त्र्याहत्तर कागद: एकेचाळीस धुनांचे, एकोणीस पत्रं, आठ कार्यक्रमपत्रिका आणि पाच कोरे, नुसत्या ओळी आखलेले. एकेचाळीस धुनांपैकी तीन धुनांवर दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या रचनाकारांची नावं होती. उरलेल्या अडतीस धुनांवर कोणाचंच नाव नव्हतं. हस्ताक्षर मात्र सगळीकडे एकच, कॅप्टन हेक्टर लीथ यांचं. या अडतीसपैकी सदतीस कागदांवर खाडाखोड होती. कुठे चार स्वर खोडून वर नवे चार, कुठे अख्खी ओळ उडवलेली. सत्ताविसाव्या कागदावर एकही खाडाखोड नव्हती.

हे मी मोजलं, कारण मोजायचं कामच मला दिलेलं होतं. पोर्टकेर्नच्या फिडल मंडळाला, म्हणजे आमच्या गावच्या व्हायोलिन वाजवणाऱ्यांच्या मंडळाला, त्या वर्षी शंभर वर्षं होत होती आणि मंडळ धुनांचं पुस्तक काढणार होतं. मी नुकतीच ॲबर्डीनहून भौतिकशास्त्राची पदवी घेऊन घरी आले होते. नोकरी नव्हती, संगणक होता. कॅप्टन लीथ पंचवीस वर्षं मंडळाचे प्रमुख होते. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा फर्कर लीथ आता मंडळाचा अध्यक्ष आणि पुस्तकाचा संपादक होता. डबा फर्कर लीथनीच माझ्या हातात ठेवला. म्हणाले, "लोर्ना, एकूण एक कागदाची नोंद हवी. तुझ्यासारखं शास्त्र शिकलेलं माणूस या कामाला बरं."

मी तक्ता केला. क्रमांक, नाव, प्रकार, स्वरपट्टी, रचनाकार. रचनाकाराच्या रकान्यात पहिल्या चौकटीत "कॅप्टन हेक्टर लीथ" लिहिलं आणि चौकटीचा कोपरा धरून खाली ओढला. अडतीस चौकटी भरल्या. याला साधारण सव्वा सेकंद लागतो.

सत्ताविसावा कागद म्हणजे "मिसेस लीथची खिडकी". आमच्या गावात ही धून माहीत नसलेला माणूस मला तरी भेटलेला नाही. संथ आहे. लग्नात सगळे नाचून दमले की शेवटी वाजते, आणि दफनानंतर हॉलमध्ये सूप प्यायला लोक जमतात तेव्हाही वाजते. कॅप्टनने ती आपल्या मरणाला टेकलेल्या बायकोसाठी केली, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आले होते. खाडाखोड नाही याचंही मला आश्चर्य वाटलं नाही. उलट मी शेऱ्यात लिहिलं, "बहुधा एका बैठकीत सुचली असावी." हे वाक्य फर्कर लीथना इतकं आवडलं की त्यांनी ते प्रस्तावनेत घेतलं.

मार्चमध्ये कच्ची छपाई आली. मी ती घेऊन बेल्डी मावशीकडे गेले. बेल्डी, कागदोपत्री इसोबेल स्लेटर, ही माझ्या आईची मोठी बहीण, तेव्हा त्र्याहत्तर वर्षांची. आधी मासे साफ करण्याच्या कारखान्यात, मग आजाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं करण्याच्या नोकरीत तिची सगळी हयात गेली. मंडळात एक्कावन्न वर्षं ती दुसऱ्या रांगेत बसून फिडल वाजवत होती. तिला स्वरलिपी येत नाही, सगळं कानावर. पहिली रांग लिपी वाचणाऱ्यांची असते.

ती धुरावलेला हॅडॉक मासा दुधात शिजायला टाकत होती.

"तुझं नाव आलंय बघ पुस्तकात," मी म्हणाले आणि आभाराचं पान काढलं.

तिने हात पुसले, चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "चहापान व्यवस्था, श्रीमती इसोबेल स्लेटर." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "एक्कावन्न वर्षं वाजवतेय गं मी. आणि माझं नाव कशात, तर चहात. बरं. निदान चहा चांगला होता असं तरी लिहायचं."

"तसं सगळ्यांचंच..."

"गप गं. दाखव पुढचं."

ती एकेक पान उलटत गेली. स्वर वाचता येत नसले तरी नावं वाचत होती. "हं, ही ठीक आहे. ही त्याने हार्बरच्या भिंतीचं काम झालं तेव्हा केली होती, रटाळ आहे." चौसष्टाव्या पानावर ती थांबली. पानावर वर मधोमध "मिसेस लीथची खिडकी" आणि उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात "रचना: कॅप्टन हेक्टर लीथ".

दूध उतू गेलं. मी पळत जाऊन शेगडी बंद केली. ती जागची हलली नव्हती.

"हे कोणी लिहिलं?"

"म्हणजे? छापखान्यात..."

"छापखान्याला स्वप्न पडलं का? हे नाव इथे कोणी घातलं?"

"मी," मी म्हणाले. "तक्ता माझाच आहे."

"तू." तिने पुस्तक मिटलं नाही, तसंच माझ्याकडे सरकवलं. "माझ्या बहिणीची पोर. चार वर्षं विद्यापीठात काय मोजायला शिकवलं तुला? मला एकदा तरी विचारलंस? गावात पंधरा मिनिटं चाललं की माझं घर येतं."

"विचारायचं काय, मावशी? सगळ्यांना माहितीये ती कॅप्टनची..."

"माझी आहे ती."

ती उठली आणि खुंटीवरची फिडल काढली. खालच्या दोन तारांच्या खुंट्या एकेक स्वर वर पिळल्या. 'जी' स्वराची तार 'ए' झाली, 'डी'ची 'ई'. असं केलं की तारेवरचा ताण सव्वापट वाढतो आणि जुनी तार कधीकधी तुटून तोंडावर येते. तिने बघितलंसुद्धा नाही. डोळे माझ्यावर आणि हात खुंट्यांवर. मंडळात असं तार चढवून कोणी वाजवत नाही. कॅप्टनना ते आवडायचं नाही. ते त्याला भटक्यांची खोड म्हणायचे.

मग तिने "खिडकी" वाजवली.

मी ती धून किती वेळा ऐकली असेन याचा माझ्याकडे आकडा नाही. पण ही ती नव्हती. वरच्या तारेवर बोट पडलं की खालची मोकळी, बोट न लागलेली तार आपणहून घुमत होती. मंडळात वाजते तेव्हा दोन ठिकाणी धून अडखळल्यासारखी होते, पुढची रांग तिथे मान हलवून भाव आणते. त्या दोन्ही ठिकाणी आता मोकळी तार होती आणि अडखळण्यासारखं काही नव्हतंच.

तिने फिडल मांडीवर ठेवली. "आलं लक्षात?"

"कधी केलीस?"

"त्र्याऐंशीमध्ये. मिसेस लीथ अकरा महिने अंथरुणाला खिळून होत्या आणि मी त्यांच्याकडे कामाला होते. अंग पुसायचं, चादरी बदलायच्या, भरवायचं. दुपारी त्यांना झोप लागायची नाही, मग मी फिडल न्यायला लागले. त्या खिडकीतून बोटी मोजायच्या आणि मी वाजवायची. एक दिवस म्हणाल्या, बेल्डी, ही कुठली? म्हटलं, कुठली नाही, होतेय अजून. म्हणाल्या, झाली की मला दे. तर मी दिली. नाव त्यांनीच ठेवलं."

आमच्याकडे धून देतात. कोणाच्या लग्नात, निवृत्तीत, मुलाच्या बारशाला. धुनेला घेणाऱ्याचं नाव लागतं. देणाऱ्याने कागदावर स्वतःचं नाव घालायचं नाही, ते मिरवल्यासारखं दिसतं. कोणी दिली हे लोकांना ठाऊक असतं आणि तेवढं पुरतं, असं मानतात. जुन्या सगळ्या धुना अशाच आहेत, अमक्या सरदाराचं हे आणि तमक्या बाईंचं ते, आणि करणारा बिचारा कोण ते शोधत बसा.

"मग कॅप्टनच्या अक्षरात कसा कागद?"

"दफनानंतर आला माझ्याकडे. इथे, या टेबलाशी बसला. म्हणाला, ती जी वाजवायचीस ती वाजव. मी तीनदा वाजवली, त्याने लिहून घेतली. तार चढवलेली त्याला चालायची नाही, म्हणून आपल्या साध्या तारांवर बसवून लिहिली. पुढच्या महिन्यात मंडळात कागद वाटले. म्हणाला, माझ्या पत्नीची धून. मी केली असं म्हणाला नाही हां. मी नाही केली असंही म्हणाला नाही. लोकांनी डोळे पुसले. झालं."

"तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"त्याची बायको गेली होती! तोंडावर बोलणार होते का मी, ती माझी आहे म्हणून? म्हटलं, महिनाभर जाऊ दे." तिने मासा उलटला. तो तळाला लागला होता. "मग महिन्याचं वर्ष झालं. नंतर कोणी विचारलंच नाही. पण तेव्हा ते नुसतं बोलणं होतं. बोलणं विरून जातं, मला तेवढा राग नव्हता. हे छापलंय. आणि तू छापलंयस."

घरी येऊन मी तक्ता पुन्हा उघडला. अडतीस धुनांपैकी 'ए' पट्टीतल्या नऊ होत्या. त्या नवांतले सगळे स्वर मी एकेक करून मोजले. आठ धुना खालच्या मोकळ्या 'जी'पर्यंत उतरत होत्या, कॅप्टनना तो स्वर फार प्रिय होता. नववी, म्हणजे सत्ताविसावी, एकशे शहाण्णव स्वरांत एकदाही 'ए'च्या खाली गेली नव्हती. ती ज्या फिडलवर झाली त्या फिडलला त्याखाली स्वरच नव्हता. आणि खाडाखोड नव्हती, कारण तो रचणाऱ्याचा कागद नव्हता, ऐकून उतरवून घेणाऱ्याचा होता. दोन्ही गोष्टी पाच महिने माझ्या डोळ्यांसमोर होत्या. मी त्यावर "बहुधा एका बैठकीत" असं लिहून मोकळी झाले होते. मला स्वतःचा इतका संताप आला की मी तो शेरा पुसायच्या नादात अख्खी ओळ पुसली आणि पुन्हा टाइप करावी लागली.

फर्कर लीथ दातांचे डॉक्टर होते. निवृत्त होईपर्यंत पस्तीस वर्षं गावातला एकूण एक जबडा त्यांनी पाहिलेला. त्यांच्या दिवाणखान्यात मी आकडे मांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"खाली 'जी' नाही. म्हणजे पुरावा झाला?"

"पुरावा नाही. पण मावशीच्या सांगण्याशी जुळतं, आणि तुमच्या गोष्टीशी जुळत नाही."

"गोष्ट." त्यांनी चष्मा काढला. "लोर्ना, तक्ता तू भरलास."

"चुकीचा भरला. मी दुरुस्त करतेय."

"कागद बाबांच्या हाताचा. नाव माझ्या आईचं. चाळीस वर्षं या गावात कोणी हूं की चूं केलं नाही. आणि आता पुस्तक छापायला निघाल्यावर बेल्डी स्लेटरना आठवलं."

"मावशीने तेव्हा बोलायचं कसं, डॉक्टर? तुमच्या आई नुकत्याच..."

"माझ्या आईबद्दल मला शिकवू नकोस." त्यांचा आवाज चढला नाही, पण हात कपाला लागून बशीत चहा सांडला. "मी तेव्हा ग्लासगोला होतो. बाबा कसे होते तुला माहीत नाही. बोलायचे नाहीत, जवळ घ्यायचे नाहीत. आईला वाढदिवसाला फूल दिलेलं मी पाहिलं नाही. आयुष्यात तिच्यासाठी एक गोष्ट केली त्यांनी. एक. ती तू खाली किती 'जी' आहेत ते मोजून काढून घेणार?"

मी माझे कागद गोळा केले आणि निघाले. उत्तर रस्त्यावर आल्यावर सुचलं, आणि त्याने राग आणखी वाढला.

गुरुवारी दुपारी हॉलमध्ये समितीची बैठक भरली. समितीत आठ माणसं आणि नववे अध्यक्ष. बेल्डी मावशी समितीत नव्हती, तिला बोलावणं होतं. ती चर्चला जायचा कोट घालून आली, फिडल काखोटीला. आल्याआल्या चिटणीस वॉटी काउई तिला खुर्ची द्यायला उठला. वॉटी पूर्वी बंदरात बोटी आत आणायचं काम करायचा, आता मंडळात मोठा बास, म्हणजे माणसाच्या उंचीचं व्हायोलिन, वाजवतो.

"बस बेल्डी, बस. आज चहा मी करणार."

"नको. तुझा चहा प्यायलेय मी. मी वाजवून जाते."

तिने तारा चढवल्या आणि वाजवली. मी समितीला आकड्यांचा एक कागद दिला होता, तो कोणी पाहिला नाही. सगळे ऐकत होते. संपल्यावर वॉटी रुमालात नाक शिंकरत म्हणाला, "आईशप्पथ. आपण इतकी वर्षं काय वाजवतोय मग?"

"सुंदर," फर्कर लीथ म्हणाले. "मनापासून सांगतो. पण चांगला वाजवणारा कुठलीही जुनी धून तार चढवून वाजवू शकतो. यातून ती कोणी केली हे ठरत नाही. माझ्याकडे कागद आहे, श्रीमती स्लेटर यांच्याकडे आठवण. छापखाना शुक्रवारपर्यंत थांबणार आहे, तेवढ्यात कोपऱ्यातली एक ओळ बदलता येईल. मी मधला मार्ग सुचवतो. बाबांचंही नाव नको, त्यांचंही नको. 'पारंपरिक' घालू."

दोन-तीन जणांनी सुटकेचा श्वास टाकला. मला तो ऐकू आला.

"काय घालू म्हणालास?" मावशीने विचारलं.

"पारंपरिक. रचनाकार अज्ञात असेल तेव्हा तसं..."

"अज्ञात कोण?" ती उभी राहिली. "मी? अरे फर्कर, माझे सहा दात तू काढलेस! तेव्हा अज्ञात नव्हते मी, तेव्हा कार्डावर नाव होतं माझं! परंपरा म्हणे. परंपरा ही इथे उभी आहे तुझ्यासमोर, गुडघे दुखतायत तिचे. माझ्या जागी तुझ्या बापाचं नाव घातलंत ते एक वेळ परवडलं. ती चोरी तरी झाली, चोरीत निदान माल कोणाचा तरी होता असं धरतात. तू म्हणतोस तो कोणाचा नव्हताच!"

"बेल्डी, जरा..." वॉटी म्हणाला.

"तू गप रे वॉटी. तुला काय, तू बासवर तीन स्वर वाजवतोस."

"चार," वॉटी म्हणाला.

फर्कर लीथ आता लाल झाले होते. "माझ्या वडिलांनी ती धून आपल्या पत्नीसाठी मंडळाला दिली. ते दुःख त्यांचं होतं. ते तुमचं नव्हतं."

मावशीने फिडल खुर्चीवर ठेवली. मग बोलली ती हळू, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"दुःखाचं म्हणतोस तर ऐक. अकरा महिने मी त्या खोलीत होते. तुझा बाप जिना चढून दारापर्यंत यायचा, मला विचारायचा, कशी आहे, आणि दारातूनच खाली जायचा. वास सहन व्हायचा नाही त्याला. आत आला तो दोनदा. तुझी आई शेवटी हात कोणाचा धरून होती ते मी तुला चाळीस वर्षं सांगितलं नाही. सांगणार नव्हतेही. तू सांगायला लावलंस."

फर्कर लीथ समोरच्या कागदाच्या कडा जुळवत राहिले, खूप वेळ. मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून पुन्हा राग आला.

"मतदान," ते म्हणाले.

मावशीचं नाव घालावं, चार. पारंपरिक घालावं, चार. अध्यक्षांचं निर्णायक मत उरलं. त्यांनी ते "पारंपरिक"ला दिलं आणि हॉलची चावी वॉटीच्या हातात देऊन, कोट हातावर घेऊन बाहेर पडले.

वॉटीने मावशीच्या बाजूने हात वर केला होता. बाहेर आल्यावर तो तिला म्हणाला, "आणखी बोलायला हवं होतं मी. पण काय गं, त्या माणसासमोर तोंड उघडायची सवय आहे आपल्याला. बोलायची नाही."

"हात वर केलास तेवढं बास," मावशी म्हणाली. "पेन आहे का तुझ्याकडे?"

"आहे. का?"

"असू दे. लागेल."

पुस्तकाचा समारंभ मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी दोन वाजता होता. छापखान्यातून दोनशे चाळीस प्रती आल्या. हॉलच्या दाराशी एका टेबलावर मी त्या विकायला बसले होते. मी कामावरून दूर व्हायची तयारी दाखवली होती, पण मावशी म्हणाली, "तिथेच बस. मला तिथे माणूस हवंय." दीड वाजता ती आली. मंचावर दुसऱ्या रांगेत तिची खुर्ची मांडलेली होती, तिकडे तिने पाहिलं नाही. माझ्या टेबलाशेजारी मासळीची एक पेटी उपडी घातली, वर टॉवेल अंथरला आणि पलीकडे खुर्ची ओढून बसली.

पहिली आली पोस्टातली बाई. पुस्तक घेऊन आत निघाली, तर मावशीने हात पुढे केला. "दे इकडे."

"काय गं बेल्डी?"

"चौसष्ट पान."

मी पान काढून दिलं. मावशीने "पारंपरिक" या शब्दावर पट्टी न लावता एक आडवी रेघ मारली आणि त्याखाली सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं, "इसोबेल स्लेटर, १९८३." शाईवर फुंकर घातली. "आता ने."

"अगं, पण ती कॅप्टनची ना?"

"नाही. बस खाली, सांगते. नाही, उभीच राहा, मागे लोक आहेत. मी केली. त्याने उतरवून घेतली. चाळीस वर्षं मी बोलले नाही हा माझा मूर्खपणा. आता बोलतेय. पटत नसेल तर दुसरी प्रत घे, कोरी."

पोस्टातली बाई तीच प्रत छातीशी धरून आत गेली आणि तिने आत जाऊन काय सांगितलं मला माहीत नाही, पण दोन-तीन मिनिटांत आधीच आत बसलेले लोक उठून बाहेर यायला लागले. रांग लागली. ती दारातून पायऱ्यांवर आणि पायऱ्यांवरून रस्त्यावर गेली. एकाने विचारलं, "खरंच गं?" मावशी म्हणाली, "नाही, शनिवारी दुपारी मला दुसरं काम नाही म्हणून बसलेय." एक म्हातारा कोळी म्हणाला, माझ्या बायकोच्या दफनाला ही वाजली होती, तेव्हा तू दुसऱ्या रांगेत होतीस ना? मावशी म्हणाली, होते. तो म्हणाला, मग मी आभार चुकीच्या माणसाचे मानले. आणि रांगेतून बाजूला होऊन तिथेच उभा राहिला.

पावणेदोनला फर्कर लीथ आले. रांग बघून आधी खूश झाले, विक्री चांगली होतेय असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांना पेटी दिसली.

"हे काय चाललंय?"

"सही करतेय," मावशी म्हणाली. मान वर केली नाही. "पुस्तक करणारे करतात ना."

"समितीचा निर्णय झालाय! हे मंडळाचं पुस्तक आहे, तुम्ही ते खराब करताय!"

"मंडळाचं होतं. याने आत्ता घेतलं. आता याचं आहे. काय रे, खराब करू का तुझं?"

"कर," रांगेतला माणूस म्हणाला.

फर्कर लीथ पुढे झाले आणि त्यांनी तिच्या बोटांतून पेन ओढून घेतलं. ओढताना चौसष्टाव्या पानावर एक लांब रेघ उमटली. हे त्यांनी करायला नको होतं. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईच्या हातातून, सगळ्यांसमोर. मी उभी राहिले. माझ्या तोंडून काय निघणार होतं देव जाणे, पण त्याआधीच रांगेतून पेनं पुढे यायला लागली. निळी, काळी, एक शिंप्याची खडूची पेन्सिल. वॉटी तर मंचावरून बास टेकवून उतरून आला होता. त्याने खिशातलं पेन पेटीवर ठेवलं आणि फर्कर लीथना म्हणाला, "डॉक्टर, आत चला. सुरुवात करायचीये. या, माझ्याबरोबर या."

"त्यांना सांग हे थांबवायला."

"मी नाही सांगणार," वॉटी म्हणाला. "चला."

ते गेले नाहीत. दाराच्या चौकटीला पाठ लावून तिथेच उभे राहिले, हातात तिचं पेन. प्रत्येक माणूस त्यांच्यासमोरून आत जात होता. काहींनी त्यांच्याकडे पाहून पुस्तक तसंच कोरं नेलं, काहींनी मुद्दाम पान उघडं धरून नेलं. मावशीने एकदाही तिकडे बघितलं नाही. तिच्या कानामागे घामाची धार होती आणि अक्षर बिघडत चाललं होतं. मी म्हणाले, "मावशी, थोडी थांब, हात दुखेल." ती म्हणाली, "दुखतोच आहे. पान काढ."

कार्यक्रम पंचवीस मिनिटं उशिरा सुरू झाला. विक्री मी साडेचारला बंद केली आणि टेबलावर उरलेल्या प्रती मोजल्या. सत्तेचाळीस. विकल्या गेल्या एकशे त्र्याण्णव. त्यांपैकी एकशे एकाहत्तर प्रतींत चौसष्टाव्या पानावर "पारंपरिक" खोडून "इसोबेल स्लेटर, १९८३" लिहिलेलं होतं, बावीस प्रतींत नव्हतं.